राणीची पिल्लं आणि नव्या जातीचं गणित



गेल्या महिन्यात आमच्या वर्गात एका कुत्रीवरून मोठा वाद झाला. वाद कसला ते सांगतोच, पण आधी त्या कुत्रीची ओळख करून देतो.

आमचं युसूफ वडगाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं खरं नाव छापलं तर तो रुसेल, म्हणून आपण त्याला बंड्या म्हणू. बंड्याच्या घरी राणी नावाची कुत्री आहे. लांब तोंड, लांब पाय, खोल छाती आणि पोट असं आत गेलेलं, की नवख्या माणसाला वाटावं, हिला चार दिवस कुणी भाकरीच घातली नाही! पण राणी शेताच्या बांधावरून पळायला लागली, की बघणाऱ्याचा घास हातातच राहतो. आमच्याकडे अशा कुत्र्यांना कारवानी म्हणतात.

एके दिवशी प्रार्थना संपल्याबरोबर बंड्या माझ्या टेबलापाशी आला. डोळे नुसते चमकत होते.

"गुरुजी, आम्ही नवी जात काढणार!"

"कसली रे?"

"शिकारी कुत्र्याची! बाहेरगावचा एक माणूस आलता. त्याच्यापाशी विलायती ग्रेहाउंड हाय. त्यो म्हणला, तुमची राणी आन् माझा कुत्रा, दोघांची पिल्लं अशी पळतील, की मोटारसायकल मागं राहील. लई पैशे येतील. आन् त्या जातीला आमच्या आजोबांचं नाव द्यायचं!"

सगळा वर्ग हसला. पण पहिल्या रांगेतली एक मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "आन् जी पिल्लं पळणार नाहीत, त्यांचं काय?"

बंड्या म्हणाला, "ती सोडून द्यायची. त्यो माणूस म्हणला, त्यात काय एवढं?"

झालं! वर्गाचे दोन तट पडले. निम्मे म्हणाले, नवी जात झालीच पाहिजे. निम्मे म्हणाले, पिल्लं सोडायची नाहीत. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "मला आठ दिवस द्या. गुरुजीलासुद्धा अभ्यास करावा लागतो."

तो अभ्यास आज तुमच्यापुढे मांडतो.

नाकाची शिकार, डोळ्याची शिकार

शिकारी कुत्री सगळी सारखी नसतात. काही कुत्री नाकानं माग काढतात. जमिनीला नाक लावून वासावरून चालत जातात. काही कुत्री डोळ्यानं शिकार करतात. दूरवर काही हललं, की त्यांना दिसतं आणि मग पायांच्या जोरावर ती ते गाठतात. कारवानी या दुसऱ्या प्रकारातली. तिच्या अंगाचा प्रत्येक भाग पळण्यासाठी घडलेला असतो. खोल छातीत मोठं हृदय आणि मोठी फुप्फुसं मावतात. बारीक कमरेमुळे पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सुटते. अशी कुत्री भरधाव पळताना एका झेपेत दोन वेळा तिचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढं-मागं ताणलेले असताना.

हिचं नाव कारवानी का? कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. उंट, घोडे घेऊन पश्चिमेकडून जे तांडे आपल्या मुलखात येत, त्यांच्याबरोबर ताझी, सालुकी अशा जातींची कुत्री आली, ती इथल्या कुत्र्यांत मिसळली आणि त्यातून कारवानी झाली, असं मानतात. ज्यांच्या कानावर आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात, त्यांना पश्मी म्हणतात. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे गाव अशा कुत्र्यांसाठी ओळखलं जातं.

म्हणजे बघा, ज्या राणीचा संकर करायला बंड्या निघाला होता, ती राणीच मुळात एका जुन्या संकराची लेक! मग तिच्यापासून नवी जात का होऊ नये? बंड्याचा प्रश्न बरोबरच होता.

घरच्या बियाण्याची फजिती

आता तुम्हाला माझ्या लहानपणची एक फजिती सांगतो. आमच्या घरी खरिपाला हायब्रीड ज्वारी पेरायचे. हायब्रीड म्हणजे संकरित. दोन वेगवेगळ्या वाणांच्या संकरातून हे बियाणं तयार होतं. भारतातली पहिली संकरित ज्वारी, सी.एस.एच.-१, १९६४ साली आली. ताटं बुटकी, सगळी एका उंचीची, कणसं भरगच्च. एका वर्षी पीक फार छान आलं. मी वडिलांना म्हटलं, "दादा, दरवर्षी बियाण्याची पिशवी विकत कशाला आणायची? हीच चांगली कणसं निवडून ठेवू की!" दादांना पटलं. पुढच्या वर्षी तेच घरचं बी पेरलं.

आणि काय सांगू! एक ताट कमरेएवढं, तर शेजारचं डोक्यावर गेलेलं. कुणाला कणीस लवकर, कुणाला उशिरा. काही कणसं भरलेली, काही फोफशी. बांधावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, "काय हो, किती जातींची ज्वारी पेरली?" दादा माझ्याकडं बघायचे आणि मी जमिनीकडं!

असं का झालं? हे समजायला आम्ही वर्गात खडूंचा खेळ खेळलो.

प्रत्येक प्राण्याला आणि झाडाला एकेका गुणाच्या दोन चिठ्ठ्या मिळतात, असं समजा. एक आईकडून, एक वडिलांकडून. निळा खडू ही एक चिठ्ठी, पांढरा खडू ही दुसरी. आईकडे दोन्ही खडू निळे आहेत आणि बापाकडे दोन्ही पांढरे. मग प्रत्येक पिल्लाला काय मिळणार? आईकडून एक निळा, बापाकडून एक पांढरा. सगळी पिल्लं सारखी! हीच ती एकसारखी हायब्रीड ज्वारी.

आता पुढची पिढी. या पिल्लांची लग्नं लावा. आता आईकडेही एक निळा, एक पांढरा आणि बापाकडेही तसंच. आम्ही खडूचे दोन रिकामे डबे घेतले. प्रत्येकात दहा निळे आणि दहा पांढरे तुकडे टाकले. डोळे मिटून प्रत्येक डब्यातून एकेक तुकडा काढायचा, फळ्यावर लिहायचा आणि परत डब्यात टाकायचा. चाळीस वेळा काढलं. अकरा वेळा दोन्ही निळे आले, नऊ वेळा दोन्ही पांढरे आणि वीस वेळा एक निळा, एक पांढरा. म्हणजे साधारण एक चतुर्थांश एका आजीवर, एक चतुर्थांश दुसऱ्या आजोबांवर आणि उरलेली निम्मी मिसळ!

हे झालं एका गुणाचं. कुत्र्याच्या अंगात अशा चिठ्ठ्यांच्या हजारो जोड्या असतात. पायाची लांबी, केस, रंग, स्वभाव, सगळ्यांची पानं पिसली जातात. पळण्याचा वेग हा तर एका चिठ्ठीचा खेळच नाही. त्याला पाय लागतात, छाती लागते, दम लागतो आणि मनसुद्धा लागतं.

बंड्याला मी म्हटलं, "त्या माणसाचं एक खरं असेल. राणीची पहिली पिल्लं छान पळतीलही. पण त्यांना पिल्लं झाली, की आमच्या ज्वारीसारखं होईल. एक हत्ती, एक उंट!"

जात कशाला म्हणायचं? जसे आई-बाप तशीच पिल्लं, आणि तशीच त्या पिल्लांची पिल्लं, असं पिढ्यान् पिढ्या होत राहिलं, की जात पक्की झाली म्हणतात. लातूर-उदगीरकडची आपली देवणी गाय बघा. गीर, डांगी आणि इथली स्थानिक गुरं यांच्या मिश्रणातून ती घडली, असं जाणकार सांगतात. पण आज देवणीचं वासरू बघितलं, की माणूस लांबून ओळखतो. मधल्या कित्येक पिढ्यांत शेतकऱ्यांनी निवडून निवडून गुरं राखली, त्याचं ते फळ आहे.

मुधोळच्या राजानं काय केलं?

कुत्र्यांच्या बाबतीत असं काम करणाऱ्या एका मराठी राजाची गोष्ट आहे. मुधोळ हे गाव आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथं घोरपडे घराण्याचं संस्थान होतं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी पाहिलं, की आसपासचे शिकारीवर पोट भरणारे लोक सडपातळ, चपळ कुत्री पाळतात. ही राणीच्याच गोतातली कुत्री. पण ती चांगली जोपासावीत, वाण राखावा, असं कुणाच्या मनात नव्हतं. राजानं त्यांतली उत्तम कुत्री निवडली आणि उत्तमाशी उत्तमाची जोडी लावून पैदास केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या भेटीत त्यांनी बादशहा पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची एक जोडी भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव सगळीकडे गेलं.

९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली. त्यांत हिमालयातला मेंढपाळ कुत्रा, तमिळनाडूचा राजपालयम आणि उत्तर प्रदेशातला रामपूर हाउंड यांच्या पंगतीला आपला मुधोळही होता. तुमच्यापैकी कुणी तिकिटं जमवत असेल तर शोधा बरं!

इथं लक्षात घ्या, मालोजीरावांनी बाहेरचा कुत्रा आणला नाही. जे होतं त्यातून निवड केली. जात घडवण्याची ही एक वाट. दुसरी वाट संकराची.

दोन गुण एकाच अंगात

ती वाट रामपूरच्या नवाबानं धरली. रामपूर उत्तर प्रदेशात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं नवाब अहमद अली खान राज्य करत होते. त्यांच्याविषयी असं सांगतात, की त्यांच्याकडे अफगाणिस्तानातून आलेली ताझी कुत्री होती. काटक आणि शूर, पण कुणाचं ऐकायची नाहीत. इंग्लंडची ग्रेहाउंड होती. वेगानं वाऱ्यासारखी आणि आज्ञाधारक, पण आपल्याकडच्या उन्हाला आणि खडकाळ रानाला न टिकणारी. नवाबानं दोघांचा संकर करून घेतला. एकाचा काटकपणा आणि दुसऱ्याचा वेग एकाच अंगात आणायचा होता. त्यातून रामपूर हाउंड झाला.

हे ऐकून बंड्या उठून उभाच राहिला. "बघा गुरुजी! नवाबानं ग्रेहाउंडच घेतला! आम्ही तेच म्हणतोय!"

मी म्हटलं, "बस खाली. नवाबाला काय हवं होतं, ते त्याला ठाऊक होतं. तुला काय हवंय?"

"पळणारा कुत्रा."

"राणी पळत नाही?"

बंड्या गप्प बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "राणी तर बाणासारखी पळती!"

एका वहीची गोष्ट

आता आपण दूर, स्कॉटलंडला जाऊ. कारण संकरातून शिकारी जात कशी घडली, याचा पिढीवार हिशेब तिथं लिहून ठेवलेला सापडला.

डडली मार्चबँक्स नावाचे एक गृहस्थ होते. पुढं ते लॉर्ड ट्वीडमाउथ झाले. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गिसाकन इथं त्यांची मोठी जहागीर होती. त्या काळात बंदुका सुधारल्या होत्या, त्यामुळे मारलेला पक्षी लांब पडायचा. कधी झुडपात, कधी ओढ्याच्या पलीकडे. थंडगार पाण्यात उडी घेऊन तो पक्षी दातही न रुतवता अलगद तोंडात धरून आणणारा कुत्रा त्यांना हवा होता. असा आणून देणारा म्हणजे 'रिट्रिव्हर'.

१८६५ साली त्यांना ब्रायटन गावी एक पिवळा कुत्रा मिळाला. त्याचं नाव नाउस. गंमत म्हणजे नाउसची बाकीची भावंडं काळी होती! हा एकटाच पिवळा कसा? आपला खडूंचा खेळ आठवा. निळा खडू म्हणजे काळा रंग आणि पांढरा खडू म्हणजे पिवळा रंग समजा. दोन्ही मिळाले तर काळा रंग पिवळ्याला झाकतो. आई काळी, बाप काळा, पण दोघांच्याही पोटात एकेक पिवळी चिठ्ठी लपलेली. एका पिल्लाच्या वाट्याला दोन्ही पिवळ्या चिठ्ठ्या आल्या आणि नाउस जन्मला!

१८६८ साली नाउसची जोडी बेल नावाच्या कुत्रीशी लावली. बेल होती ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची, म्हणजे पाण्यात कामाला पक्की. त्यांना चार पिवळी पिल्लं झाली. लोकांना वाटेल, झाली नवी जात! पण मार्चबँक्स तिथं थांबले नाहीत. त्या चारांतली एक पिल्ली मोठी झाल्यावर तिची जोडी पुन्हा ट्वीड वॉटर स्पॅनियलशी लावली. पुढच्या पिढीत काळा रिट्रिव्हर आणला, कारण पक्षी शोधून आणण्याची हातोटी कमी होऊ द्यायची नव्हती. पुढं आयरिश सेटरही मिसळला. प्रत्येक वेळी बघायचं, कुणाचं तोंड मऊ आहे, कोण पाण्याला भीत नाही, कोण हाक ऐकतं. तेवढ्यांचीच पुढं पैदास करायची. या कामाची शेवटची पिल्लं १८८९ सालची. म्हणजे वर्षं किती झाली? १८८९ वजा १८६८, एकवीस वर्षं!

आणि हे सगळं त्यांनी वहीत लिहून ठेवलं. कोणत्या साली कोणती पिल्लं, त्यांची आई कोण, बाप कोण.

या वहीचं महत्त्व पुढं कळलं. हा कुत्रा म्हणजे गोल्डन रिट्रिव्हर. तो प्रसिद्ध झाल्यावर लोकांत एक अफवा पसरली, की हा रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांचा वंशज आहे. गोष्ट चटकदार होती, म्हणून कितीतरी वर्षं सगळ्यांनी खरी मानली. १९५२ साली त्या जुन्या वहीतल्या नोंदी छापून आल्या आणि सर्कस एका दिवसात संपली! तोंडी गोष्टीपुढं लिहिलेली नोंद जिंकली.

आणखी एक योगायोग सांगतो. मार्चबँक्सना नाउस मिळाला त्याच १८६५ साली ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका मठातल्या साधूनं ब्रुनो शहरात वाटाण्यांवरचे आपले प्रयोग वाचून दाखवले. आपल्या खडूंच्या खेळातलं सगळं गणित त्याचंच. पण तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

एवढं झाल्यावर इंग्लंडच्या केनेल क्लबनं या कुत्र्याला वेगळी जात म्हणून कधी मान्यता दिली? १९११ साली. पहिल्या पिल्लांपासून त्रेचाळीस वर्षांनी! मार्चबँक्स तोपर्यंत हयात नव्हते.

वर्गात सगळे बोटं मोडून हिशेब करू लागले. बंड्या आज दहा वर्षांचा. दहा आणि एकवीस, एकतीस. तो डोळे मोठे करून म्हणाला, "अरे बापरे! म्हंजे जात होईपर्यंत मी गुरुजींएवढा म्हातारा होईन!"

मी पस्तिशीतला माणूस. काय बोलणार?

राहिलेला प्रश्न

आता पहिल्या रांगेतल्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. जी पिल्लं पळणार नाहीत, त्यांचं काय?

मुलांनो, निवड करायची म्हणजे काहींना निवडायचं आणि काहींना नाही. जाती घडवण्याच्या गोष्टी सांगताना निवडलेल्यांचीच नावं येतात. नाउसचं नाव आपल्याला माहीत आहे. न निवडलेल्यांची नावं कुणी सांगत नाही. खडूचा तुकडा परत डब्यात टाकता येतो. पिल्लू परत कुठं टाकणार?

मी पाचवीत असताना आमच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली होती. तिघांना घरं मिळाली. उरलेल्या तिघांना कुणी घेईना. घरात रोज कटकट. एका बाजारच्या दिवशी मी ती तिन्ही पोत्यात घातली आणि बाजाराच्या कडेला, एका झाडाखाली सोडून आलो. मनाची समजूत घातली, की एवढी माणसं येतात, कुणीतरी नेईल. पुढच्या बाजारी मुद्दाम त्या झाडापाशी गेलो. पोतं होतं. पिल्लं नव्हती. कुणी नेली असतील का, ते मला आजही माहीत नाही. घरी कुणी मला रागावलं नाही. पण आमची कुत्री पुढं कित्येक दिवस दार वाजलं, की उठून माझ्या हातांकडं बघायची.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, "गुरुजी, आधी घरं शोधायची, मग पिल्लं होऊ द्यायची."

मला आठ दिवस लागले होते. तिनं एका वाक्यात सांगून टाकलं.

आणखी एक गोष्ट मी बंड्याला विचारली. "शिकारी कुत्रा काढशील, पण शिकार कुणाची करशील?" वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. सशावर, हरणावर कुत्रं सोडणं हा आज गुन्हा आहे, आणि ते बरोबरच आहे. आपल्या माळावरचे काळवीट आणि ससे उरलेत किती? मग अशा कुत्र्यांना काम काय? काम आहे. राणी रात्री शेत राखते. मुधोळच्या काही पिल्लांना २०१६ साली भारतीय सैन्यानं मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी नेलं. मुधोळजवळ तिम्मापूर इथं पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे. तिथं या जातीची पैदास आणि अभ्यास होतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं मुधोळची देशी जात म्हणून नोंदही केली आहे.

आणि आपली कारवानी? ती घडायला कित्येक पिढ्या लागल्या. कुणी कोणताही कुत्रा तिच्यात मिसळत राहिलं, तर ती पातळ होत जाईल. दुधात पाणी घालायला क्षण लागतो, बाहेर काढता येतं का?

बंड्या त्या दिवशी काही न बोलता घरी गेला. आठवड्याभरानं त्यानं एक दोनशे पानी वही आणली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : 'राणी'. आत तिचं वय, उंची, वजन, लस कधी टोचली, सगळं. उंची मोजायला आजोबांनी राणीला धरलं होतं म्हणे. पुढच्या पानावर एक तक्ता आखला होता. तारीख. बाप कोणता. पिल्लं किती. आणि शेवटचा रकाना : 'कुणाच्या घरी जाणार'.

बाकी सगळे रकाने कोरे. शेवटच्यात मात्र तीन नावं लिहिलेली. एक त्याच्या मामाचं, एक शेजाऱ्यांचं आणि एक त्या पहिल्या रांगेतल्या मुलीचं.

"गुरुजी, त्या माणसाला आजोबांनी नाही म्हणून सांगितलं. आता कारवानीच बघायचा, पण अजून ठरलं नाही. आधी सहा घरं पाहिजेत. तीन झालीत." मग माझ्याकडं निरखून बघत तो म्हणाला, "तुमच्या घरी जागा हाय का?"

मी घरी विचारून सांगतो म्हटलंय.

तुम्ही करून पाहा

खडूंचा खेळ घरी खेळा. खडू नसतील तर एकाच मापाच्या दोन रंगांच्या चिठ्ठ्या घ्या. चाळीसऐवजी शंभर वेळा काढा. हिशेब एक चतुर्थांश, निम्मे, एक चतुर्थांश याच्या जास्त जवळ जातो का, बघा. आणि तुमच्या घरी किंवा गल्लीत जे कुत्रं, मांजर, गाय असेल, तिच्या नावाची एक वही सुरू करा. रोज नको, महिन्यातून एकदा लिहिलं तरी चालेल.

पालकांसाठी दोन शब्द

पिल्लू घरी आणायचं असेल, तर दोन महिन्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नका. तीन महिन्यांचं झालं, की पिसाळण्यापासून बचावाची लस टोचून घ्या. पिल्लं सांभाळणं शक्य नसेल, तर आधीच पशुवैद्यकांकडून नसबंदी करून घ्या. आणि कुणालाही कुत्रं चावलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत माझ्या घरचा निकाल लागलेला असेल!

तुमचा,
गुरुजी